मारोतीबुवांची बिनपाटीची शाळा

गिरजाच्या तेराव्याला जो बोलायला उठला, तो तिच्या बापाचं कौतुक करून खाली बसला. मेली माझी बायको आणि आरती तिच्या बापाची. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, मारोतीबुवांचे संस्कार. कोणाला उलट बोलली नाही, मारोतीबुवांचे संस्कार. पोथी कशी खणखणीत वाचायची, तेही मारोतीबुवांचंच. सगळा जन्म माझ्या घरात काढला बाईनं, पण माझ्याकडून काही उचललं असेल, असं एकालाही वाटलं नाही. मी पंगतीत बुंदी वाढत फिरत होतो आणि ऐकत होतो. बोलणाऱ्यांपैकी एकानंही बुवांना डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझी लेक सोडली तर त्यांच्या शेजारी जेवायला बसलेला आणि त्यांची बोलणी खाल्लेला मीच एकटा शिल्लक आहे. म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण निजामाच्या राज्यात चहारम, म्हणजे चौथी, तेही उर्दूतून. मराठी अक्षर मी चाळिशी उलटल्यावर गिरवलं. चूक दिसली तर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात दुरुस्त करावी, मला सांगायला येऊ नये.

मारोतीबुवा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो, गिरजा आबा म्हणायची. गाव चारठाणा, धंदा शिंप्याचा. ऐन जवानीत त्यांनी कुठल्याशा महाराजांची माळ घातली आणि बायकांचे कपडे शिवायचं सोडून दिलं. बाईच्या अंगाचं माप घेणं म्हणजे नरकात जागा धरून ठेवणं, असं त्यांचं मत. मग शिवायचं काय? देवाचे कपडे. चारठाण्याला देवळांना तोटा नाही. आसपासच्या गावांतल्या देवींची वस्त्रंही मामांकडंच यायची. देवीला जरीचा काठ, हिरवीगार चोळी, चोळीवर बारीक बारीक आरसे जडवलेले, पाठीला गोंड्यांच्या नाड्या. अंगाला अशी चापून बसायची चोळी, की दगडाची देवी खुशीत दिसायची. आणि मामांच्या घरातल्या बायकांना? चिखलाच्या रंगाचं लुगडं, मनगटाला टेकणाऱ्या बाह्या, गळा असा बंद की घास गिळताना अडकावा. फूल नाही, पावडर नाही, काजळ नाही. हसायचं तर ओठ मिटून हसायचं.

"बाईची शोभा म्हंजे तिनं न दिसणं," असं ते म्हणायचे. मी एकदा विचारलं, "मग मामा, देवी पण बाईच की." ते म्हणाले, "जावईबापू, देवीला कुणी शीळ घालत न्हाई."

घरात आरसा नव्हता. गिरजा आणि तिच्या बहिणी एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावायच्या. ती मला सांगायची, आबा दुपारी लवंडले की आम्ही देवीची चोळी हळूच उचलायचो आणि त्या टिकल्यांएवढ्या आरशांत बघायचो. एका वेळेला एकच डोळा दिसायचा. एकदा डावा, एकदा उजवा. अख्खा चेहरा कसा आहे, तो जिचा तिनं मनात जोडून घ्यायचा. मामांना स्वतःला मात्र कपाळाचं गंध लावायला सकाळची चांगली घटकाभर लागायची. पितळी तांब्या घासून लख्ख करायचा, दोन गुडघ्यांत धरायचा आणि त्यात बघून रेघ ओढायची. वाकडी वाटली की पुसायची, परत ओढायची. मग फेटा. त्या घरात नटायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा तो त्यांनाच. पण ते नटणं नव्हे, ती उपासना.

पोरी नवव्या-दहाव्या वर्षाच्या झाल्या की त्यांची शाळा बंद. शाळेच्या वाटेवर चहाचं हॉटेल, हॉटेलात बाकडं, बाकड्यावर माणसं, माणसांना डोळे. एवढं मोठं संकट. पण मामा पोरींना अडाणी ठेवत होते, असं म्हणू नका. त्यांनी घरातच शाळा काढली होती. मास्तर तेच, हेडमास्तर तेच, शिपाईही तेच. मधल्या खोलीत पोरींना बसवायचे, पुढं पोथी ठेवायचे आणि ओळीवर बोट फिरवत वाचून घ्यायचे. पोरी घडाघडा वाचायला शिकल्या. पण त्या शाळेत पाटी नव्हती, लेखणी नव्हती. वाचायचं, लिहायचं नाही. हा त्या शाळेचा पहिला आणि शेवटचा कायदा.

गावातले मास्तर एकदा समजावायला आले होते. हे सगळं गिरजानं दाराआडून ऐकलेलं.

मास्तर म्हणाले, "बुवा, तुमी वाचायला शिकवलं, लय चांगलं केलं. पण लिहायचं काय?"

"लिहून काय करायचं पोरीनं?"

"अहो, चार अक्षरं. नाव, पत्ता. सासरहून खुशाली तरी कळवंल."

"मास्तर, ध्यानात घ्या," मामा म्हणाले. "वाचणं म्हंजे देवानं घरात येणं. लिहिणं म्हंजे बाईनं घराबाहेर जाणं."

"आन् हिशोब?"

"हिशोब नवरा करंल."

तो नवरा म्हणजे मी. चहारम पास.

गिरजाला बघायला आम्ही गेलो, तेव्हाची तऱ्हा सांगतो. माझ्यासोबत माझी आत्या होती. पोरगी बाहेर आली ती हनुवटीपर्यंत पदर ओढून, आणि आमच्याकडं पाठ करून बसली. आत्या म्हणाली, "बुवा, पोरीचं तोंड तरी बघू द्या. डोळा तिरळा हाय का, काय हाय, आमाला कळावं कसं?" मामा म्हणाले, "तोंड लग्नात दिसंल. आधी वाचन ऐका." मग तिनं आमच्याकडं पाठ करूनच एक अध्याय वाचला. मी जन्मात असा आवाज ऐकला नव्हता. वाचता वाचता एका जागी तिला हसू आलं असावं, कारण खांदे हलले, पण आवाज तसूभर हलला नाही. आत्या वाटेनं भांडत आली, "न बघता कुणी म्हैस तरी घेतं का रे?" मी म्हटलं, ठरलं. लोक बायको डोळ्यांनी पसंत करतात, मी कानांनी केली. अंतरपाट खाली आला तेव्हा कळलं, की कानांनी फसवलं नाही.

मानवतला माझं शिलाईचं दुकान होतं, मागं राहायच्या दोन खोल्या. घरात आल्यावर गिरजाला वाचायला पोथी पुरेना. दुकानांच्या पाट्या, एसटीवरचं गावाचं नाव, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, सगळं मोठ्यानं वाचायची. संध्याकाळी कापसाच्या आडतीवरून मी शिळा पेपर आणायचो आणि मशीन चालवता चालवता ऐकायचो. मला मराठी वाचता येत नव्हतं, तिला लिहिता येत नव्हतं. मापं मी उर्दू आकड्यांत लिहायचो, ती तिला कळायची नाहीत. दोघं मिळून आम्ही एक शिकलेला माणूस होतो. आता पेपर रोजचा ताजा येतो. मी बोट फिरवत वाचतो. बोटाला आवाज नसतो.

दुष्काळाच्या साली चारठाण्याचे आड आटले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सुईत दोरा जाईना, म्हणून देवाची वस्त्रंही सुटली. बाकी पोरी लांब दिलेल्या, म्हणून ते आमच्याकडं मानवतला आले. सामानात एक पोथी, तो पितळी तांब्या आणि सगळे कायदे.

रोज दिवेलागणीला गिरजानं त्यांना पोथी वाचून दाखवायची, हा नेम पहिल्या दिवसापासून लागला. एवढं झाल्याशिवाय ते घासाला हात लावत नसत. खरं सांगायचं तर ते वाचन गिरजालाही पाहिजे असायचं. दिवसभर भाकऱ्या, धुणं, काजं-बटणं. तेवढ्या एका घटकेला ती कोणाची बायको नव्हती, कोणाची आई नव्हती.

आमची मंदा तेव्हा सातवीत होती. मामांना दिसत कमी होतं, पण दिसायला नको ते बरोबर दिसायचं.

"गिरजे, पोरीच्या डोक्याला ते लाल काय बांधलंय?"

"रिबीन हाय आबा. दोन वेण्या आन् लाल रिबीन, शाळंचा कायदा हाय."

"बैलाच्या शिंगाला बांधत्येत तसं?"

मंदा आतून म्हणाली, "बैलाची पूजा तरी करत्येत आजोबा. आमाला नुस्तं रागवत्येत."

"बघ! बघ ही जीभ! हेच शिकवायलेत शाळंत."

मग रोज एक खोडी. स्कर्ट घोट्याच्या वर का? तो मीच शिवलेला, म्हणून त्याचा राग माझ्यावर. पोर चालताना पाय का आपटती? हसताना दात का दिसत्येत? मंदा म्हणाली, "दात हायेत म्हणून." त्या दिवशी मामा जेवले नाहीत. म्हणजे दुपारी जेवले नाहीत. रात्री दुप्पट जेवले.

आषाढ लागला तसा त्यांनी खरा विषय काढला. "गिरजे, तुझ्याकडं कधी काही मागितलं न्हाई. एक मागतो. चातुर्मासभर मंदी घरी राहू दे. मी शिकवतो तिला, तुला शिकवलं तसं. चार महिन्याचा तर सवाल हाय."

चार महिने ऐकायला थोडे वाटतात. पण शाळेच्या मोठ्या बाईंनी आम्हाला आधीच बजावलेलं होतं, की महिनाभर पोर आली नाही तर पटावरून नाव कमी होतं, आणि साल सातवीच्या परीक्षेचं. एकदा नाव कमी झालं, की मुलीला परत कोण घालतो? आमच्या गल्लीत अशा चार महिन्यांसाठी घरी बसवलेल्या पोरी होत्या. त्यांच्या मांडीवर आता पोरं होती. मंदा त्या रात्री जेवली नाही. तिचं उपाशी राहणं खरं होतं. दुसऱ्या दिवशीही नुसतं पाणी प्यायली.

मी म्हटलं, "मी बोलतो मामांशी."

गिरजा म्हणाली, "तुमी मधी पडू नका. तुमी बोलले तर भांडण व्हईल. मी न्हाई म्हनले तर पाप व्हईल. बापाला ह्या तोंडानं कधी न्हाई म्हनले न्हाई."

"मग पोर घरी बसवती का?"

ती पीठ मळत राहिली. ते पीठ इतकं मळलं, इतकं मळलं, की त्या दिवशीच्या पोळ्या मला अजून आठवतात.

आषाढी एकादशीला संध्याकाळी देवळात चातुर्मासाचे नेम धरायची रीत होती. माळकरी मंडळी एकेक करून देवापुढं उभी राहायची आणि चार महिने काय सोडणार ते मोठ्यानं सांगायची. कोणी वांगं, कोणी कांदा, कोणी गादी. आवडीची वस्तू सोडायची, तर त्याला किंमत. आणि एकदा देवापुढं बोललं की संपलं. याबाबतीत मामांइतका कडक माणूस पंचक्रोशीत नव्हता. एका साली सासूबाईंनी मीठ सोडलं होतं. मधेच त्या आजारी पडल्या, वैद्य म्हणाला, मीठ घ्या. मामांनी घेऊ दिलं नाही. "नेम म्हंजे नेम. बाप आडवा आला तरी मोडायचा न्हाई," म्हणाले.

त्या संध्याकाळी बायकांची पाळी आली. गिरजा पदर सारखा करून उभी राहिली. मामा पुढंच खांबाला टेकून बसले होते, लेक काय सोडती ते ऐकायला मान वर करून.

गिरजा म्हणाली, "मी वाचन सोडते."

देवळात टाळ वाजत होते ते थांबले. नेम देणारे महाराज म्हणाले, "बाई, लोक वांगं सोडत्येत. तुमी पोथी सोडता?"

"आवडीचं सोडायचं, असं आमच्या आबांनीच शिकवलं. वांगं मला आवडतच न्हाई."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांना अजून कळलं नव्हतं. मलाही नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशी. दिवेलागणीला मामा पाय धुऊन पाटावर बसले. पोथी पुढं. गिरजा चुलीपाशी.

"गिरजे, ये."

"माझा नेम हाय आबा."

"मग वाचणार कोण?"

"मंदा वाचंल."

"मंदी? ती शाळंतलं वाचती."

"व्हय."

"शाळंतलं वाचणं पोथीला चालतं का?"

गिरजानं तव्यावरची भाकरी उलटली. बापाशी बोलताना तिची मान कायम खाली असायची, तशीच तेव्हाही होती. "ते तुमी सांगायचं आबा. चालत असंल तर ती उद्यापासून शाळंत जाईल, आन् आल्यावर रोज वाचंल. चालत नसंल तर ती घरी बसंल, आन् चार महिने पोथी बांधून ठिवू."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मामा, माझी उर्दू चालंल का?" ते काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही. बाहेरचा वाचणारा आणावा, तर घरात बायका असताना परका पुरुष रोज बसवायचा नाही, हा त्यांचाच कायदा. सगळ्या दारांना त्यांनीच कड्या लावलेल्या, आणि आत तेच अडकलेले.

त्या रात्री पोथी उघडली नाही, म्हणजे मामा जेवलेही नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाही. गिरजानं ताट वाढून पुढं ठेवायचं, झाकायचं आणि भिंतीकडं तोंड करून बसायचं. तिनंही पाणी सोडून काही घेतलं नाही. घरात बाप उपाशी, लेक उपाशी, नात परत उपाशी. मी एकटा दुकानात चोरून भजी खात होतो. मला वाटलं, आता ही मोडणार. हिचा श्वास ऐकू यायचा रात्री, रडणं गिळल्यासारखा.

तिसऱ्या संध्याकाळी मामा पाटावर बसले, घसा खाकरला आणि दाराकडं बघून म्हणाले, "मंदे. हात-पाय धुऊन ये. आन् ते लाल सोडून ये डोक्याचं."

गिरजा चुलीपासून म्हणाली, "उद्या सकाळी परत बांधंल ती आबा."

मामांनी पोथीचं फडकं सोडलं. मग म्हणाले, "सकाळचं सकाळी."

मंदा वाचायला बसली. आईसारखा आवाज नाही, शाळेतल्या पोरींचा असतो तसा धावता. मामा जागोजाग अडवायचे, "सावकास. आगगाडी सुटायली का?" ती परत वाचायची. एका शब्दाला ती म्हणाली, "आजोबा, इथं छापणाऱ्यानं चूक केली." मामा म्हणाले, "पोथीत चूक नसती." ती म्हणाली, "पोथीत न्हाई, छापखान्यात." मामांनी पानावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्होरं वाच."

असे चार महिने. लोकांना हे ऐकायला गोड वाटेल. मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. गिरजानं नेम खरा पाळला. पुडीचा कागद हातात आला, तर कोरी बाजू वर करून ठेवायची. रस्त्यानं चालताना पाट्यांकडं बघायचं नाही, म्हणून जमिनीकडं बघत चालायची. पेपर मी आणेनासा झालो. मंदा वाचायला बसली की ही पाठ करून भांडी घासायची आणि ओठ आवळून धरायची, कारण सगळं पाठ होतं आणि तोंडातून बाहेर येऊ बघत होतं. मी एकदा म्हटलं, "देवाला काय कळतंय, वाच की हळूच दोन ओळी." तर म्हणाली, "त्याला कळंल का न्हाई ते म्हाईत न्हाई. आबाला कळंल." तेराव्याला जे संस्कार संस्कार म्हणत होते, त्यांनी हे कुठं पाहिलं असेल तर सांगा.

मामांनी हार मानली, असंही समजू नका. ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. मंदा शाळेत जायला लागली, त्याच आठवड्यात त्यांनी नवा हुकूम काढला. पोर एकटी जाणार नाही, मी सोबत जाणार. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, वाटेत खड्डे. खरं तर मंदाच त्यांच्या काठीचं टोक धरून त्यांना न्यायची. पण बघणाऱ्याला वाटावं, की आजोबा नातीची राखण करायलेत. फाटकापाशी पोचल्यावर मोठ्या बाई रोज म्हणायच्या, "आजोबा, आत सावलीला बसा." त्या बाईंच्या हातात घड्याळ, खांद्याला पर्स, डोक्यावर पदर नाही. मामा तिकडं न बघता म्हणायचे, "नगं. हितंच बरं हाय," आणि फाटकाबाहेरच्या दगडावर बसायचे. शाळा सुटेपर्यंत.

सातवी झाली, मंदा पास झाली. पुढच्या पावसाळ्यात मामांनी चारठाण्याला परत जायचा हट्ट धरला. तिथंच गेले. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं, म्हणून त्यांचा शेवटचा चेहरा मी पाहिलेला नाही. मामा म्हटलं की मला दिसतात ते मानवतच्या त्या फाटकापाशी.

परीक्षेच्या आधीचे दिवस होते, ऊन कडक. मी कापडाचा गठ्ठा सायकलला बांधून शाळेवरून चाललो होतो. मामा दगडावर ताठ बसलेले, फेटा चापून बांधलेला, काठी दोन पायांत उभी. आतून पोरींचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. मी सायकल हळू केली आणि खिडकीतून मंदा दिसती का, म्हणून मान उंच केली. मामांना माझा चेहरा काही दिसला नाही, नुसता एक माणूस सायकल थांबवून आत डोकावतोय एवढं दिसलं. ते उठले. काठी वर उचलली.

"ए! कोण रे त्यो? नजर खाली कर आन् चालू लाग," मामा ओरडले. "दिसत न्हाई का? पोरी शिकायल्यात आत!"

मी सायकलवरून उतरलो, मान खाली घातली आणि त्यांच्यासमोरून चालत निघून गेलो.